दोन मिनिटांचा तुकडा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हैदराबादच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात माणसांच्या गाठींचे तुकडे गोठवून ठेवायचं काम करत होते. लग्नाच्या बाजारात हे सांगितलं की समोरचे लोक चहाचा कप खाली ठेवत. आमच्या वडिलांनाही ते आवडत नसे. नल्लकुंट्यातल्या घराच्या ओट्यावर बसून ते शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी संशोधन करते." कसलं, ते मात्र सांगायचे नाहीत. मला म्हणायचे, "सगळी दुनिया दिलसुखनगरला कंप्युटर शिकायला पळतेय, आणि तू मांसाचे तुकडे काय जपत बसलीस? नक्को गे माय, सोड ते."

मी सोडलं नाही, कारण मला त्या कामाचा गर्व होता. गर्व हाच शब्द आहे, दुसरा शोधत नाही.

कामामागचं कारण अगदी साधं होतं. शरीरातून गाठ कापून काढली की ती लगेच मरत नाही. रक्तपुरवठा तुटला तरी तिच्यातल्या पेशी उरलीसुरली साखर खात राहतात आणि आतल्या आत आंबत जातात. त्या साखरेचं गाठ काय करते, हेच तर आम्हाला मोजायचं होतं. त्यामुळे कापल्यावर जितका उशीर, तितका आकडा खोटा. गाठ बाहेर आली की तुकडा कापायचा, चांदीच्या कागदासारख्या पत्र्यात गुंडाळायचा आणि उणे एकशे शहाण्णव अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. तिथे सगळं जागच्या जागी थांबतं. मग चिठ्ठीवर नंबर, तारीख आणि किती मिनिटं लागली ते लिहायचं. पाच मिनिटं म्हणजे उत्तम, दहा म्हणजे चालेल, वीस झाली की तुकडा फेकून दिलेला बरा.

आमचे प्रकल्पप्रमुख पुण्याहून आलेले होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेशी त्यांचा करार झाला होता. पूर्वी ज्या यंत्राच्या परवान्याला वर्ष वर्ष लागायचं, ते आता बंदरातून सुटून तीन महिन्यांत दारात यायचं. सर खोकी उघडताना लहान मुलासारखे खूश व्हायचे. आमचे नमुने वर्षाअखेर कोरड्या बर्फात घालून तिकडे जायचे होते, आणि नमुने चांगले निघाले तर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला मीही जाणार होते. आमच्या घराण्यात तोवर विमान फक्त खालून बघितलेलं.

अडचण एकच होती. आमचं काम स्तनांतल्या गाठींवर होतं, आणि आमच्याकडे बाया फार उशिरा यायच्या. लाजेपायी, भीतीपायी, घरच्या कामापायी. तोवर गाठ पेरूएवढी झालेली, मध्ये कुजलेली. सर म्हणायचे, "मेलेल्या पेशींचं काय मोजणार? एखादी लहान, सुरुवातीची, ताजी गाठ मिळाली पाहिजे." वर्ष संपत आलं तरी अशी एकही मिळाली नव्हती.

आणि लहान गाठीबद्दल पॅथॉलॉजीच्या मॅडमचा नियम अगदी कडक होता. या बाई तेलुगू, उंच आणि कमी बोलणाऱ्या होत्या. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे शेवटी त्या सांगायच्या. शस्त्रक्रियेची खोली आणि आमची प्रयोगशाळा वर तिसऱ्या मजल्यावर, त्यांची खोली तळमजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. गाठ त्यांच्याकडे जाऊन, त्यांनी पाहून, उरलेलं परत येईपर्यंत आमचा अर्धा तास जायचा. म्हणून मोठ्या गाठी मी वरच, दारातच कापाव्यात अशी त्यांनी सूट दिली होती. पण बजावून सांगितलं होतं, "निंबू से छोटी गाठ पूरी मेरे पास आती. उसको तुम हाथ नक्को लगाओ." लहान गाठीत रोग एखाद्या कोपऱ्यात बसलेला असू शकतो. तो कोपरा त्यांच्या भिंगाखाली आलाच पाहिजे.

हे मला पाठ होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या सकाळी जी बाई आली ती नांदेडकडच्या एका खेड्यातली होती. चाळिशी उलटलेली, उन्हात राबलेली, हातावर गोंदण. अंबरपेठेत तिच्या भावाची पिठाची गिरणी होती, त्याच्याकडे ती उतरली होती. वॉर्डात सगळीकडे तेलुगू आणि दख्खनी. तिला कुणाचं काही कळेना. मी मराठीत "मावशी" म्हटल्याबरोबर तिने माझं मनगटच धरलं.

"तू आपल्यातली हायेस व्हय! बरं झालं माय. मघाधरनं नुसत्या भिताडासंगं बोलायलेय मी."

माझ्या शेजारचा नायट्रोजनचा कॅन बघून तिला हसू आलं. "ह्यो तर आमच्या गावच्या ढोराच्या डाक्टरचा डबा. गाई भरवायला घेऊन येतो त्यो. इथं काय काम त्याचं?"

मीही हसले. तिचं बरोबर होतं, तो तसलाच कॅन होता. मग मी तिला संमतीचा कागद वाचून दाखवला. गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी ठेवून घेऊ, तुमची हरकत नाही ना. ती लक्ष देऊन ऐकत होती. सही करायच्या आधी तिने विचारलं, "तुमीच नेली तर मला काय झालंय ते कसं कळंल?"

मी म्हणाले, "आधी तुमची तपासणी, मावशी. त्यातून उरलं तरच आम्ही घेणार."

तिने एकेक अक्षर कोरत सही केली.

तासाभराने शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सने ट्रे माझ्या हातात दिला. गाठ आवळ्याएवढी होती. स्वच्छ, टणक, कुठेही कुजलेली नाही. वर्षभर आम्ही जिची वाट पाहत होतो ती. सर्जन आतून मोठ्याने म्हणाले की बहुतेक साधीच आहे, काळजीचं दिसत नाही. त्यांचं हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत होते.

मी जिन्याकडे बघितलं. मॅडमचा नियम आठवला आणि त्याच क्षणी सरांचा चेहराही आठवला. माझ्या मनात आलं, अर्धी खाली जाणारच आहे, अर्ध्याने काय बिघडतं? पाती उचलली आणि गाठ मधोमध कापली. दोन भागांपैकी एक जरा जास्त घट्ट, करडा होता, दुसऱ्याला थोडी चरबी लागलेली होती. घट्ट भाग मी घेतला. दुसरा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून खाली पाठवला आणि सोबतच्या कागदावर 'गाठ' एवढंच लिहिलं. 'अर्धी गाठ' असं लिहिलं नाही.

चिठ्ठीवर मी लिहिलं: दोन मिनिटं. इतका ताजा नमुना आम्हाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. सरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि कँटीनमधून माझ्यासाठी इराणी चहा मागवला. मी तो ऐटीत प्यायले.

आठवड्याने मॅडमचा अहवाल आला. मिळालेल्या नमुन्यात कॅन्सर नाही. भाऊ-बहीण मला शोधत प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आले. मावशीने फडक्यात बांधलेले धपाटे आणले होते. सोबत शेंगदाण्याची चटणी. "देवानं पाहिलं माय," ती म्हणाली. "आता पेरणी न्हाई चुकत माझी." मी सगळ्यांना धपाटे वाटले आणि स्वतःही दोन खाल्ले. खरंच छान झाले होते.

पुढे तीन आठवड्यांनी तिच्या तुकड्याची पाळी आली. तुकड्याचा एक भाग नायट्रोजन ओतत खलबत्त्यात कुटायचा, त्याची पूड करायची, मग यंत्रावर त्यातलं आम्ल मोजायचं. उरलेला भाग परदेशी पाठवण्यासाठी राखून ठेवायचा. आकडा आला तेव्हा मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा मोजला. तोच आला. माझ्या वहीत तोवर साध्या गाठींचे लहान आकडे एका बाजूला होते आणि कॅन्सरच्या गाठींचे मोठे आकडे दुसऱ्या. मावशीचा आकडा कुठे बसतो ते सांगायला कुणाची गरज नव्हती. एरवी म्हणता आलं असतं की गोठवायला उशीर झाला, म्हणून तुकडा आंबला. पण चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात दोन मिनिटं लिहिलेली होती.

मी वही उचलली. सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, हा नमुना साधा वाटत नाही."

सरांनी आकडा पाहिला, चष्मा वर केला. "हे बघ, संशोधनातला आकडा म्हणजे निदान नव्हे. सूज असली तरी आम्ल वाढतं. पॅथॉलॉजीने गाठ पाहून नाही म्हटलंय ना? मग आपण कोण? नमुन्यावर नाव न घालता नंबर घालतो तो यासाठीच. एकेका आकड्यामागे धावत सुटलो तर काम कधी करणार?"

सर चुकीचं काहीच बोलले नाहीत. मी कडेची एखादी कपची घेतली आणि बाकीची सगळी गाठ पॅथॉलॉजीने पाहिली, असं त्यांना वाटत होतं. अर्धीच खाली गेली होती, हे त्यांना फक्त मी सांगू शकत होते. ओठापर्यंत आलं होतं. मी "हो सर" म्हणाले आणि वही घेऊन बाहेर आले.

त्यानंतर मी एकोणीस दिवस गप्प बसले. हे एकोणीस दिवस मी पुढे आयुष्यभर मोजले आहेत. त्या दिवसांत मी आजारी नव्हते, कुणी मला धमकावलं नव्हतं, घरात कुणाचं काही बिनसलं नव्हतं. मी रोज डबा घेऊन बसने जात होते, पासपोर्टसाठी फोटो काढून घेत होते, शेजारणीला परदेशात थंडी किती असते ते विचारत होते. तोंडात मूग धरून बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मूग भिजतात, फुगतात, तरी आपण तोंड उघडत नाही. कधी वाटायचं, आकडा खोटा असेल. कधी वाटायचं, मावशी सहा महिन्यांनी तपासणीला येणारच आहे, तेव्हा सापडेल. सहा महिन्यांत त्या रोगाचं काय होतं, हे त्या इमारतीत माझ्यापेक्षा जास्त कुणी मोजलं नव्हतं.

विसाव्या दिवशी नमुने पाठवायचे होते. थर्मोकोलचं खोकं, त्यात कोरडा बर्फ, यादीप्रमाणे एकेक कुपी. मावशीचा उरलेला तुकडा यादीत पहिल्या पानावर होता. बर्फाची वाफ माझ्या मनगटांवरून खाली सांडत होती. कुपी हातात घेतली आणि लक्षात आलं की ही एकदा खोक्यात गेली, खोकं विमानात चढलं, की मी काय केलं ते कुणालाही कधीच कळणार नाही. मला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला इतकी किळस आली की मी कुपी थर्मासमध्ये टाकली आणि तीन मजले पळत खाली गेले.

मॅडम भिंगावर वाकलेल्या होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी भिंगावरून डोळे काढले. शेवटी एवढंच म्हणाल्या, "किसने काटा?"

"मैंने."

"निंबू से छोटी थी?"

"जी."

त्या उठल्या. गोठलेला तुकडा त्यांनी यंत्रावर चढवला, कागदाहून पातळ काप काढला, रंगवला, भिंगाखाली धरला. पाचदहा मिनिटं लागली असतील. मग त्या बाजूला सरकल्या आणि मला बघायला लावलं. मला भिंगातलं फारसं कळत नसे. पण त्या दिवशी कळलं. बर्फाने पेशी जागोजागी फाटल्या होत्या, तरी जे होतं ते लपण्यासारखं नव्हतं.

"पेशंट किधर है?" त्यांनी विचारलं. मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी दिल्या नाहीत.

कार्डावर अंबरपेठचा पत्ता होता. मी तशीच निघाले. गिरणी ऐन भरात चालू होती, डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या आणि मावशीचा भाऊ पिठाने पांढरा झालेला. मी बोलत होते, त्याला ऐकू येईना. मी ओरडले, "तुमच्या बहिणीला परत बोलवा! दवाखान्यात न्यायचंय!" त्याने पट्टा काढला. गिरणीचा आवाज हळूहळू बसत गेला आणि मग सगळ्या रांगेसमोर मला ते पुन्हा, सावकाश सांगावं लागलं.

"पण रिपोर्टमध्ये काही नाही म्हणून लिहिलंय ना," तो म्हणाला. "आम्ही सत्यनारायण घातला की हो."

"दुसऱ्या तुकड्यात सापडलं."

तो पिठाच्या हातांनीच कपाळ पुसत खाली बसला. मग म्हणाला, "दुसरा तुकडा तुम्ही ठेवला होता म्हणून. नाहीतर कुणाला कळलं असतं? लई उपकार झाले ताई तुमचे." त्याने मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मी मान खाली घालून तो प्यायले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

तो एसटीडी बूथवर धावला. तिच्या गावात फोन फक्त पोस्टात होता. निरोप पोचून ती यायला आठवडा गेला. पहिल्या शस्त्रक्रियेपासून एव्हाना दोन महिने झाले होते. दुसरी शस्त्रक्रिया मोठी झाली. या वेळी तिच्या काखेतही रोग सापडला. तो दोन महिन्यांपूर्वीच तिथे होता की या दोन महिन्यांत आला, हे मी सर्जनना विचारलं, मॅडमना विचारलं. दोघंही म्हणाले की ते कुणालाच सांगता येणार नाही. लोकांना वाटतं असं उत्तर ऐकून दिलासा मिळतो. मला अजून मिळालेला नाही.

सरांनाही मी सगळं सांगितलं. प्रशिक्षणाला त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. मला कामावरून काढलं नाही, पण त्या दिवसानंतर माझी चिठ्ठी त्यांनी कधी दोनदा वाचली नाही. मॅडमनी दारात कापण्याची सूटच बंद केली. पुढे नवी मुलं कामाला आली ती तीन मजले धावत खाली जायची आणि या जाचक नियमाला नावं ठेवायची. मी ऐकून घ्यायचे.

मावशीची औषधं संपली आणि ती गावी गेली. त्यानंतर ती किती वर्षं जगली ते मला माहीत नाही. अंबरपेठ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. विचारायला जाऊ शकले असते. गेले नाही.

पण दवाखान्यातली एक भेट सांगायला हवी. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चौथा दिवस होता. भाऊ औषधं आणायला गेला होता. तिच्या छातीला पट्ट्या, कुशीतून नळी निघालेली, तोंड सुकलेलं. वॉर्डातल्या बायका मला बघून हात जोडत होत्या, कारण या पोरीने बहिणीचा जीव वाचवला असं भावाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला ते सहन होईना. मी तिच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. तो तुकडा मी—"

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

तिने मान माझ्याकडे वळवली.

"आधी न्हाई म्हनले, मंग हाय म्हनले. गाठ एकच व्हती, आन हाय म्हनायचा तुकडा तुज्याकडं निघाला. आधी माजी तपासणी, उरलं तर तुमी घेनार, असं तूच सांगितलं व्हतंस. मी अडाणी हाय, येडी न्हाई."

माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो हळूच चादरीखाली घेतला.

"भावाला सांगू नको. त्यो भांडत बसंल, अन मला बरं व्हायचंय. घरी दोन पोरी हायेत लग्नाच्या." ती दम खायला थांबली. "आन तू बी माज्यापुढं रडू नको बाई. मी तुला उगी उगी म्हनत बसू का आता? तेवढा जीव न्हाई माज्यात."

मी डोळे पुसले. तिने पाणी मागितलं. मी पेला तिच्या ओठांना लावला, तिने दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी भाऊ येईपर्यंत तिथेच बसून राहिले, न रडता.